लाल दहाची नोट : आखातातला रुपया आणि आपला दिरहाम



आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलांच्या छंदांचं छोटंसं प्रदर्शन मांडलं होतं. त्यात माझ्या लेकीची नोटांची वही होती. ती बघून बऱ्याच जणींनी विचारलं, "अगं, या लाल रंगाच्या रुपयाच्या नोटेचं काय प्रकरण आहे? अशी नोट आम्ही भारतात कधी बघितली नाही." तिथे गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख. थोडा इतिहास, थोडी छंदाची माहिती, आणि थोडी घरची गोष्ट. गोड मानून घ्या.

आधी घरची गोष्ट

माझं माहेर नाशिकरोडचं. तिथे "प्रेस" म्हटलं की कुणाला वर्तमानपत्राचा छापखाना आठवत नाही. प्रेस म्हणजे सरकारी नोटांचा आणि तिकिटांचा छापखाना. भारतात नोटा छापायला सुरुवात झाली ती १९२८ साली इथेच. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. माझे बाबा १९५७ साली प्रेसमध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. दिवसभर नोटांच्या ढिगात वावरणारा हा माणूस महिनाअखेरीला आईकडे भाजीला पैसे मागायचा, यावरून घरात फार चेष्टा चालायची! पण कामाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. सुटताना झडती व्हायची, आणि बाबा म्हणायचे, "जे खिशातून आणायचं नाही ते तोंडातूनही आणायचं नाही."

लग्नानंतर १९९८ साली मी शारजाला आले. २००३ च्या हिवाळ्यात दुबईला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सहज शिरले होते. काचेखाली एक दहा रुपयांची नोट दिसली. अशोकस्तंभ, रिझर्व्ह बँक, सगळं आपलंच. पण रंग लाल, आणि क्रमांकाच्या सुरुवातीला इंग्रजी "झेड" अक्षर. मला वाटलं खोटी असावी. रात्री बाबांना फोन केला. (तेव्हा फोन महाग होता, मिनिटं मोजून बोलायचो.) बाबा एकदम म्हणाले, "लाल दहाची? अगं, त्या तुमच्याकडेच जायच्या! आमच्या हातच्या आहेत त्या."

मी थक्क झाले. बाबा आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत, आखात त्यांनी नकाशातच पाहिलं. पण त्यांच्या प्रेसमधली नोट माझ्या आधी चाळीस वर्षं इथे पोचली होती!

पुढचं सांगायला जरा वाईट वाटतं. दुकानदाराने सांगितलेली किंमत मला जास्त वाटली. पुढच्या पगारात बघू म्हणून मी निघून आले. तीन आठवड्यांनी गेले तर नोट विकली गेली होती. पुढे मी बरीच शोधली. २००६ साली बाबा गेले. त्यांनी हाताळलेली नोट त्यांना परत दाखवायची राहूनच गेली. लेकीच्या वहीत आज जी लाल नोट आहे ती दहाची नाही, एक रुपयाची आहे, आणि ती मला त्यानंतर दोन वर्षांनी मिळाली. असो.

दुबईत रुपया कसा आणि का?

आपण इकडे येऊन "एका दिरहामचे किती रुपये" हा हिशेब रोज करतो. पण दुबई, शारजा, अबू धाबी या सगळ्या भागात कधीकाळी रुपयाच चालत होता हे अनेकांना माहीत नसतं. हा भाग तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता आणि व्यापाराचं तोंड मुंबईकडे होतं. मोती मुंबईला जायचे, तिथून तांदूळ, कापड, मसाले, लाकूड यायचं. साहजिकच पैसाही मुंबईचाच. कुवेत, बहारिन, कतार, मस्कत, सगळीकडे भारतीय रुपया. भारत स्वतंत्र झाल्यावरही बारा वर्षं इथे आपल्याच नेहमीच्या नोटा चालत होत्या.

अडचण आली ती सोन्यामुळे. स्वातंत्र्यानंतर भारतात सोनं आणण्यावर कडक बंधनं होती, त्यामुळे तिथला भाव बाहेरच्यापेक्षा पुष्कळ जास्त. दुबईत सोनं घ्यायचं, शिडाच्या गलबतातून गुपचूप आपल्या किनाऱ्याला उतरवायचं, बदल्यात रुपयांच्या नोटा घ्यायच्या आणि त्याच नोटा परत आखातात आणायच्या, असा धंदा जोरात सुरू झाला. आखातातल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेला देऊन पौंड मागायच्या. म्हणजे सोनं चोरून आत, आणि भारताचं परकीय चलन राजरोस बाहेर! खरा व्यापारातला रुपया कुठला आणि सोन्यातला कुठला, हे नोटेवर लिहिलेलं नसतं ना.

यावर उपाय म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्या वेळी एच. व्ही. आर. अय्यंगार गव्हर्नर होते. एक रुपया लाल, पाच रुपये नारिंगी, दहा रुपये लाल आणि शंभर रुपये हिरवी. सगळ्यांच्या क्रमांकाआधी "झेड" अक्षर. या नोटा आखातात चालायच्या, भारतात मात्र नाही. त्यामुळे मुंबईत सोनं विकून मिळालेली नोट इथे आणली तरी उपयोग नाही, आणि इथली लाल नोट तिकडे दुकानात चालायची नाही. हज यात्रेकरूंसाठीही त्याच सुमारास "एचए" अक्षरांच्या वेगळ्या नोटा होत्या.

किंमत मात्र दोन्ही रुपयांची एकच. एका पौंडाला १३ रुपये ३३ नये पैसे, मग नोट लाल असो नाहीतर आपली नेहमीची.

६ जून १९६६

हळूहळू एकेक देश बाहेर पडू लागला. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार काढला, बहारिनने १९६५ साली. बाकीचे रुपयावरच होते. आणि मग ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम ७ रुपये ५० पैसे झाला, पौंड १३.३३ वरून २१ रुपये. आखाती रुपया भारतीय रुपयाला बांधलेला असल्यामुळे त्याचीही तीच गत.

हिशेब करून बघा. आदल्या दिवशी ज्याच्या पेटीत शंभर रुपये होते त्याचे साडेसात पौंड होत होते. दुसऱ्या दिवशी त्याच शंभराचे पावणेपाच पौंड. दुबईच्या व्यापाऱ्याने काहीही केलं नव्हतं, निर्णय दिल्लीत झाला, आणि पेटीतली एक तृतीयांशाहून जास्त किंमत गेली! इथल्या शासकांना ते मान्य होणं शक्यच नव्हतं. अबू धाबीने बहारिनचा दिनार स्वीकारला. कतार आणि दुबईने आपलं संयुक्त चलन त्याच वर्षी आणलं, "कतार आणि दुबई रियाल". शारजा आणि इतर उत्तरेकडच्या अमिरातींतही तोच रियाल चालू लागला. ओमानने मात्र १९७० पर्यंत रुपया सोडला नाही.

या रियालच्या नोटांवर गलबत, तेलविहिरीचा मनोरा आणि खजुराचं झाड असं चित्र आहे. आयुष्य जेमतेम सात वर्षांचं, त्यामुळे आज त्या चांगल्या स्थितीत मिळणं कठीण आणि खिशाला जड.

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. कतार-दुबई रियालची किंमत ठरवताना ती अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाइतकीच धरली होती. २ डिसेंबर १९७१ ला संयुक्त अरब अमिराती हा देश झाला (रास अल खैमा फेब्रुवारी १९७२ मध्ये आली), आणि १९ मे १९७३ ला दिरहाम सुरू झाला. तो एका रियालला एक दिरहाम या भावाने. बहारिनचा एक दिनार पूर्वी दहा रुपयांचा होता, त्याचे दहा दिरहाम.

म्हणजे एक जुना रुपया बरोबर एक रियाल बरोबर एक दिरहाम! आपण आज ज्याचे वीसच्या पुढे रुपये मोजतो तो दिरहाम म्हणजे १९६६ साली घर वेगळं केलेला रुपयाच आहे. दोघे भाऊ एका घरात वाढले. एक इथे राहिला, पुढे तेलाच्या पैशावर उभा राहिला आणि डॉलरचा हात धरून चालला (१९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहाम हा भाव बदललेला नाही). दुसऱ्याची वाट वेगळी झाली. हे एकदा कळलं की पगाराच्या दिवशी एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहताना जरा वेगळंच वाटतं.

दिरहामच्या नोटा कशा जमवायच्या?

जुन्या नोटा महाग, मान्य. पण छंद लावायला जुन्या नोटा लागत नाहीत. आपल्या डोळ्यांसमोर या देशाच्या नोटा बदलताहेत, आणि त्या एटीएममधून दर्शनी किमतीतच मिळतात!

सुरुवातीच्या १९७३ च्या नोटा १, ५, १०, ५० आणि १०० दिरहामच्या होत्या. हजाराची १९७६ मध्ये आली. मध्यवर्ती बँक १९८० साली स्थापन झाली आणि १९८२ पासून नवी मालिका सुरू झाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीच्या कागदी नोटा त्याच घराण्यातल्या. पाचच्या नोटेवर शारजाचा ब्लू सूक, दहावर खंजीर आणि मागे खजुराची बाग, वीसवर दुबई क्रीकचा गोल्फ क्लब आणि मागे शिडाचं जहाज, पन्नासवर ओरिक्स हरीण आणि मागे अल ऐनचा जाहिली किल्ला, शंभरवर दुबईचा अल फहिदी किल्ला आणि मागे ट्रेड सेंटर, पाचशेवर बहिरी ससाणा आणि मागे जुमेरा मशीद, हजारावर अबू धाबीचा कस्र अल होस्न. (शिडाचं जहाज त्या काळी भारतातल्या दहा रुपयांच्या नोटेमागेही असायचं.)

नव्या नोटा प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरच्या आहेत. देशाच्या पन्नाशीनिमित्त डिसेंबर २०२१ मध्ये पन्नास दिरहामची पहिली आली. शेख झायेद, संस्थापक शासक, आणि मागे दुबईचं इतिहाद म्युझियम. एप्रिल २०२२ मध्ये पाच आणि दहाच्या आल्या. पाचवर अजमानचा किल्ला आणि मागे रास अल खैमाचा धाया किल्ला. दहावर शेख झायेद मशीद आणि मागे खोरफक्कानचं खुलं नाट्यगृह. हजाराची २०२३ मध्ये हातात आली, मागे बराका अणुवीज प्रकल्प. पाचशेची २०२३ च्या नोव्हेंबरअखेर, मागे म्युझियम ऑफ द फ्यूचर. शंभराची मार्च २०२५ मध्ये, पुढे उम्म अल कुवैनचा किल्ला, मागे फुजैराचं बंदर आणि इतिहाद रेल्वे.

यादी वाचताना एक गोष्ट लक्षात आली का? जुन्या नोटांवर मुख्यतः दुबई, शारजा, अबू धाबी. नव्या नोटांवर अजमान, रास अल खैमा, उम्म अल कुवैन, फुजैरासुद्धा. आम्ही लेकीबरोबर एक खेळ सुरू केला. नवी नोट आली की त्या ठिकाणी शुक्रवारी, आणि सुट्टी बदलल्यापासून शनिवारी, जायचं आणि नोट हातात धरून फोटो काढायचा. धाया किल्ल्याच्या पायऱ्या चढताना आमची पुरती दमछाक झाली, पण वर पोचल्यावर दिसतं ते दृश्य नोटेवर मावणारं नाही. बराकाला काही जाता येत नाही, तेवढं सोडा.

वही कशी ठेवावी

फार काही लागत नाही. एक साधी वही, त्यात प्रत्येक नोटेची एक ओळ: किती दिरहामची, नोटेवरचं साल, क्रमांकाच्या सुरुवातीचे अंक, कधी आणि कुठे मिळाली. लेक त्यात "कशासाठी मिळाली" हाही रकाना ठेवते. "आजीने वाढदिवसाला", "लुलूत सुटे मिळाले" वगैरे. मला तोच रकाना सगळ्यात आवडतो.

चित्र तेच पण साल वेगळं, अशा नोटाही येत असतात. त्या ओळखायच्या तर अरबी आकडे वाचता आले पाहिजेत. मुलांना ते शाळेत येतात, आपल्यालाच येत नाहीत! एक म्हणजे उभी काठी. शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्याला जे शून्य वाटतं ते पाच. घराच्या उतरत्या छपरासारखा आठ, तोच उलटा केला की सात. सहा दिसतो इंग्रजी सातासारखा. आणि नऊ दिसतो आपल्या मराठी एकासारखा, तिथे हमखास फसगत होते. नोटेवर हिजरी आणि इंग्रजी अशी दोन सालं असतात, ती एकमेकांत मिसळू नका.

काही पथ्यं:

१. नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. "स्वच्छ" केलेल्या जुन्या नोटेची किंमत उतरते. पॉलिमरची नोट तर इस्त्रीखाली आकसून जाते.

२. घडी घालू नका. एका घडीनेही कोरेपण जातं.

३. पाकिटं खास नोटांसाठीची घ्या. स्वस्त मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक काही वर्षांनी चिकट होतं आणि नोटेला लागतं.

४. गाडीत ठेवू नका. ऑगस्टमधली इथली बंद गाडी म्हणजे भट्टी. उन्हाच्या खिडकीजवळ आणि एसीच्या ओलाव्यातही नको.

५. जुनी महाग नोट विकत घेताना घाई नको. आखाती शंभर रुपयांची नोट फार दुर्मिळ आहे, म्हणून तिच्या नकलाही निघतात. पण खात्री पटली आणि परवडत असेल, तर "पुढच्या पगारात बघू" असंही म्हणू नका. का ते वर सांगितलंच आहे.

दोन कायद्याच्या गोष्टी

नोव्हेंबर २०१६ मध्ये भारतात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात "उतरल्यावर टॅक्सीला लागतील" म्हणून ठेवलेल्या थोड्या नोटा अडकल्या. आठवण म्हणून त्या ठेवायला हरकत नाही, पण मर्यादेत. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा बंद नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी असतील तर पंचवीसपर्यंत. त्यापुढे दंड आहे, किमान दहा हजार रुपये.

दुसरं, गावाकडे आजीच्या डब्यात राणीछाप किंवा त्याहून जुनी नाणी सापडली तर ती बॅगेत घालून इकडे आणू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं भारतात कायद्याने पुरावस्तू धरलं जातं आणि देशाबाहेर नेता येत नाही. तिथेच नीट जपा. चालू भारतीय नोटाही येताजाता माणशी २५,००० रुपयांपर्यंतच.

सुट्टीत काय बघाल?

मुलांना घेऊन गेलात तर मुंबईच्या फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम जरूर दाखवा. आणि नाशिकला गेलात तर त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली, तिथलं नाण्यांचं संग्रहालय बघा. त्र्यंबकेश्वराचं दर्शन आणि नाणी, एका दिवसात दोन्ही होतं. प्रेस मात्र बाहेरूनच बघावी लागते. आम्ही दर वेळी रिक्षातून तिथून जातो आणि लेक हात दाखवून म्हणते, "आजोबांचं ऑफिस."

शेवटी एक विनंती

आपल्या मंडळात कोकणातली, गोव्याची, मुंबईची बरीच कुटुंबं अशी आहेत की ज्यांचे आजोबा, काका, मामा साठच्या दशकात बोटीने इकडे आले होते. मुंबईहून आखातात फेऱ्या करणाऱ्या त्या बोटींपैकी "द्वारका" तर १९८२ पर्यंत चालू होती. त्या माणसांच्या ट्रंका अजून कुठल्यातरी माळ्यावर असतील. जुन्या पासपोर्टात, पोथीच्या पानात, विम्याच्या कागदांत एखादी लाल किंवा नारिंगी नोट असू शकते. "चालत नाही" म्हणून ती टाकून देऊ नका, आणि मुलांना खेळायलाही देऊ नका. आधी क्रमांक बघा. पुढे "झेड" असेल तर ती घरातल्या मोठ्या माणसांपुढे ठेवा आणि विचारा, ही कुठून आली, तेव्हा पगार किती होता, घरी पैसे कसे पाठवायचे. नोट विकायची की ठेवायची ते नंतर ठरवा. आधी गोष्ट लिहून घ्या, कारण नोट पाकिटात टिकते, सांगणारं माणूस टिकत नाही.

कुणाकडे अशी नोट सापडली तर पुढच्या स्नेहसंमेलनाला नक्की घेऊन या. लाल दहाची असेल तर मला दोन मिनिटं हातात धरू द्या, एवढंच.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.